शालीवरचं पान आणि कार्यानुभवाचा तास



वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो. त्या तासाला प्रत्यक्षात काय चालतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गणिताचा राहिलेला स्वाध्याय, सराव चाचणी, नाहीतर वह्या तपासणं. मग सत्र संपत आलं की मुलं आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणतात, कागदी फुलांचा गुच्छ आणतात. त्यातलं निम्मं आईने रात्री अकरापर्यंत जागून चिकटवलेलं असतं आणि निम्मं स्टेशनरीच्या दुकानातून आलेलं असतं. आपण श्रेणी देतो, वस्तू कपाटावर ठेवतो. संपलं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. वर्षाला अशा दहा वस्तू करण्यापेक्षा मुलांनी एकच काम हातात घ्यावं, ते महिनोन् महिने चालावं, आणि ते मुलाने स्वतःच केलेलं असावं. माझ्या मते त्यासाठी विणकामासारखं दुसरं काम नाही. मुलींसाठी आणि मुलांसाठीही. विणकाम म्हणजे रिकाम्या वेळचा उद्योग असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आज एका शालीची गोष्ट घेते. ती विणताना किती गणित आणि किती परिसर अभ्यास हातातून जातो ते बघा, मग ठरवा.

दोन विणी, दोन प्रकारची पानं

सध्या जगभरातल्या विणकरांमध्ये पानाफुलांच्या नक्षीच्या शाली फार आवडीने विणल्या जातात. मीही एक विणते आहे. तिच्यात दोन विणी एकत्र येतात. एक जाळीची वीण, जी आपल्या आई-मावश्यांना चांगली माहीत आहे. दुसरी ब्रियॉश.

जाळीच्या विणीचं गुपित दोन शब्दांत सांगता येतं: लोकर पुढे, दोनाचा एक. लोकर पुढे घेऊन सुईवर वेढा घेतला की एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडतं. लगेच दोन टाके एकत्र विणले की एक टाका कमी होतो. वाढ आणि घट सारखी, म्हणून ओळीतले टाके तेवढेच राहतात. ज्या मुलाला बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'उत्तर इथे लिहा' एवढाच वाटतो, त्याला दोन्ही बाजू सारख्या ठेवणं म्हणजे काय हे इथे हाताने कळतं.

ब्रियॉशची तऱ्हा वेगळी. उभ्या जाड पट्ट्यांची, मऊ, उशीसारखी ही वीण. युरोपात ती जुनी आहे. जर्मन आणि डच लोक तिला 'पेटंट' म्हणतात, फ्रेंच लोक 'इंग्लिश पट्ट्या' म्हणतात. नॅन्सी मार्चंट या अॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या अमेरिकन विणकर बाईंनी 2009 मध्ये या एकाच विणीवर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून तिचा पुष्कळ प्रसार झाला. हिच्यात एक टाका विणायचा, शेजारचा न विणता नुसता उचलायचा आणि त्याच्यावर लोकरीचा वेढा ठेवायचा. पुढच्या ओळीत तो टाका आणि त्याच्यावरचा वेढा दोन्ही मिळून एकत्र विणायचे. म्हणजे आज जो राहिला त्याचा नंबर उद्या लागतो, आणि लागतो तेव्हा दुप्पट जाडीने लागतो. (आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांच्या बाबतीत हे झालं तर काय बहार येईल!)

दोन रंगांत विणायचं झालं तर प्रत्येक ओळ दोनदा चालावी लागते. आधी एका रंगाने निम्मे टाके विणायचे. मग सगळे टाके सुईवरून सरकवत पुन्हा सुरुवातीला आणायचे आणि दुसऱ्या रंगाने उरलेले विणायचे. म्हणून दोन्ही टोकांना अणी असलेली किंवा गोल सुई लागते. फळ असं की कापडाच्या एका बाजूला गडद पट्ट्या फिक्या जमिनीवर दिसतात, उलटवलं की फिक्या पट्ट्या गडद जमिनीवर. दोन्ही बाजू सुलट, उलटी बाजू नाहीच.

आता परिसर अभ्यासाकडे या. पानाच्या शिरांचे दोन प्रकार आपण फळ्यावर काढून शिकवतो: समांतर शिराविन्यास आणि जाळीदार शिराविन्यास. बांबू, ऊस, ज्वारी, गवत यांच्या पानात शिरा एकमेकींना न भेटता चालतात. वड, पिंपळ, जास्वंदीच्या पानात मधल्या शिरेपासून फाटे फुटतात आणि फाट्यांची जाळी होते. या शालीत ब्रियॉशच्या पट्ट्या म्हणजे पहिला प्रकार आणि जाळी म्हणजे दुसरा. दोन्ही हाताने विणल्यावर मुलगा हा फरक परीक्षेनंतर विसरेल असं मला वाटत नाही.

याला जोडून एक उपक्रम सांगते. पिंपळाची पानं पाण्यात काही आठवडे भिजत घाला. अधूनमधून पाणी बदला. हिरवा गर कुजून सुटतो, मऊ ब्रशने हलकेच घासला की निघून जातो, आणि शिरांची जाळी तेवढी उरते. ते पिंपळपान आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वहीत जपलेलं आहे. ते भिंगाखाली ठेवा आणि शेजारी जाळीच्या विणीचा तुकडा ठेवा. मुलांना फार काही सांगावं लागत नाही.

एक पान म्हणजे एक्केचाळीस चौकोन

विणलेलं पान तयार कसं होतं? सर्वांत साध्या पानाची रीत अशी. एका टाक्यापासून सुरुवात. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वेढा घेतला की 3 टाके. मग 5, मग 7, मग 9. इथे पान सर्वांत रुंद. आता दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत 7, 5, 3, आणि शेवटी तिघांचा एक. पानाला टोक आलं. मधला टाका पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलत नाही, तीच पानाची मुख्य शीर. (मधल्या परतीच्या ओळी नुसत्या उलट विणायच्या, म्हणून त्या मोजत नाही.)

यासाठी सुई लागत नाही, गणिताची चौकटीची वही पुरते. तिसरीच्या मुलांना सांगा, पहिल्या ओळीत 1 चौकोन रंगवा, खाली मधोमध 3, मग 5, 7, 9, आणि परत उतरत या. पान दिसू लागतं. मग विचारा, एकूण चौकोन किती? 41. वरचा भाग 9 च्या ओळीपर्यंत मोजला तर 25, म्हणजे पाच पाचे. खालचा उरलेला भाग 16, म्हणजे चार चोक. विषम संख्या क्रमाने मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळते, ही गोष्ट माध्यमिकच्या मुलांनाही सूत्र म्हणून पाठ असते. इथे ती रंगवलेल्या पानात दिसते.

ब्रियॉशमध्ये पान वाढवताना आणखी एक गंमत होते. तिथे विणलेला टाका, उचललेला टाका, विणलेला, उचललेला असा क्रम मोडून चालत नाही. त्यामुळे टाके एकाने वाढवता येत नाहीत, दोनाने वाढवावे लागतात. एकाचे तीन करायचे, किंवा पाच. आणि कमी करताना तिनाचा एक. वर्गात हे दाखवत होते तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, एकाचे दोन का नाही करायचे?" मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर एक रंगीत खडू आणि एक पांढरा खडू घेऊन पट्ट्या काढायला लावलं. दोन करून पाहिल्यावर दोन रंगीत पट्ट्या शेजारीशेजारी आल्या आणि तो स्वतःच म्हणाला, "जोडी मोडते." सम-विषम शिकवायला याहून चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही.

मोठ्या वर्गांसाठी तर खजिनाच आहे. त्रिकोणी शाल मानेच्या मध्यापासून विणायला घेतली तर दर दोन ओळींमागे चार टाके वाढतात: दोन्ही कडांना एकेक आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक. सात टाक्यांनी सुरुवात केली तर 11, 15, 19... पन्नास वेळा वाढ केल्यावर किती? 207. मुलं बोटांनी मोजायला लागतात, मग थकतात, मग कुणीतरी गुणाकार करतं. तो क्षण आपल्याला हवा असतो.

गोल शालीची कथा तर ऐकण्यासारखी आहे. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम शिक्षिका. 1974 च्या 'निटर्स अल्मनॅक' या पुस्तकात त्यांनी 'पाय शाल' दिली. त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. 9 टाक्यांनी सुरुवात, मग 18, 36, 72, 144, 288, 576. दोन वाढींमधल्या फेऱ्याही 3, 6, 12, 24, 48 अशा दुपटीने वाढत जातात. मधल्या फेऱ्यांत हवी ती नक्षी घाला, पानं घाला, फुलं घाला, शाल सपाट गोलच होते. सहावी-सातवीत परीघ शिकवताना आपण बांगडीभोवती दोरा गुंडाळतो, ते चांगलंच आहे. सोबत ही शालही सांगून बघा.

फुलाकडे बघून नक्षी

या नक्ष्या कुणी मशीनवर शोधल्या नाहीत. एस्टोनिया नावाच्या छोट्या देशात हापसालू नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात लोक तिथे हवापालटाला आणि औषधी चिखलाच्या स्नानाला येत. गावातल्या बायका त्यांना विकण्यासाठी लोकरीच्या बारीक जाळीच्या शाली विणत. त्यांची सगळ्यांत गाजलेली नक्षी म्हणजे 'लिली ऑफ द व्हॅली' हे तिथलं घंटेसारखं छोटं पांढरं फूल. फुलाची कळी उठून दिसावी म्हणून एका टाक्यातून पाच-सात टाके काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सगळे एकत्र विणून टाकायचे, की टपोरा दाणा तयार होतो. शालीचा मधला भाग वेगळा विणतात, जाळीची किनार वेगळी विणतात आणि मग जोडतात. ब्रिटनच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरही अशीच बारीक जाळी विणतात. तिथे नेच्याच्या पानाची नक्षी आहे, समुद्राच्या लाटेची आहे.

या बायकांनी आपल्या अंगणातलं फूल पाहिलं, त्याचा आकार टाक्यांत मांडला. आपल्या मुलांना तेच करायला सांगावं असं मला वाटतं. आमच्याकडे 'लिली ऑफ द व्हॅली' नाही, पण शाळेच्या कुंपणावर गोकर्ण आहे, मैदानाच्या कडेला टाकळा आहे, दूर्वा आहेत, आपटा आहे. आपट्याचं जोडपान चौकटीच्या वहीत कसं मांडाल? किती ओळींनी त्याचे दोन भाग वेगळे होतील? पान आणा, वहीवर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा, चौकोन मोजा. निरीक्षण म्हणजे हेच. 'पानाचे निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा' या प्रश्नाला मुलं गाईडमधली पाच वाक्यं लिहितात, कारण पानाकडे बघायचं कारणच आपण त्यांना दिलेलं नसतं.

चुकलं तर?

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. जाळीच्या विणीत एक टाका सुटला तर तो खाली घरंगळत जातो आणि नक्षी फाकते. ब्रियॉशमध्ये तर सुटलेला टाका उचलणं आणखी अवघड, कारण प्रत्येक टाक्याबरोबर त्याचा वेढाही असतो. म्हणून जाणते विणकर एक युक्ती करतात. दर दहा-पंधरा ओळींनी टाके मोजतात, बरोबर आहेत याची खात्री करतात आणि वेगळ्या रंगाचा बारीक दोरा त्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवतात. पुढे काही बिघडलं तर उसवायचं, पण उसवण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते. सगळं काम जात नाही. इंग्रजीत याला 'लाइफलाइन' म्हणतात, मी वर्गात 'राखणदोरा' म्हणते.

आपल्या मूल्यमापनात राखणदोरा आहे का, हा प्रश्न मी स्वतःला आणि तुम्हालाही विचारते. मुलाची वजाबाकी चुकली की आपण लाल फुली मारतो आणि पुढच्या पाठाकडे जातो. तो कुठपर्यंत बरोबर होता, हातच्यापर्यंत, स्थानिक किमतीपर्यंत की त्याही आधी, हे शोधून तिथून पुन्हा विणायला बसवत नाही. विणकामात 'नापास' हा प्रकारच नाही. उसवा, बरोबर जागी या, पुन्हा विणा. लोकर तीच असते, वाया काही जात नाही. शिवाय इथे फसवताही येत नाही. विणलेलं हात सांगतात. आईने चार ओळी विणून दिल्या तर त्या ओळी लगेच ओळखू येतात, कारण प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो.

आणखी एक. सुईवरून नुकती उतरलेली जाळीची शाल अगदी चोळामोळा झालेली दिसते. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवली की प्रत्येक पान उघडतं. (ही किमया खऱ्या लोकरीची. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारं बरंचसं सूत अॅक्रिलिक असतं, ते इतकं ताणून राहत नाही.) पहिलीतल्या मुलाचं वाचन डिसेंबरात कसं वाटतं ते आठवा आणि पालकसभेत घाईने निकाल देऊ नका.

आक्षेप आणि उत्तरं

*"मुलग्यांना विणकाम कशाला?"* पेरू देशातल्या ताकिले बेटावर विणकाम पुरुषांचं काम आहे. तिथले मुलगे लहानपणीच सुया धरतात आणि आपल्या टोप्या आपण विणतात. त्या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. मध्ययुगीन युरोपातही विणकरांचे संघ पुरुषांचे होते. माझ्या वर्गात तर मुलगेच आधी रांग लावतात.

*"हे परदेशी खूळ आहे."* शाल परदेशी असेल, पण विचार आपल्या घरचा आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. तिचा गाभाच हा होता की हस्तोद्योग हा वेगळा विषय नाही, तर इतर विषय शिकण्याचं माध्यम आहे. सेवाग्रामच्या मुलांनी टकळीवर सूत काततच हिशेब शिकला. फिनलंडने 1866 मध्येच हस्तकाम शाळेत सक्तीचं केलं आणि आजही ते तिथे मुलं-मुली दोघांनाही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना हस्तोद्योग शिकण्यासाठी सांगितले आहेत. दहा दिवस ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण हात दहा दिवसांत तयार होत नाही.

*"खर्च? आणि सुया टोचल्या तर?"* पहिली-दुसरीला सुई देऊच नका. बोटांवर विणता येतं, त्याची लांब साखळी होते. तिसरीपासून बोथट टोकाच्या जाड सुया द्या. बांबूच्या काड्या पॉलिश पेपरने घासूनही सुया होतात. लोकर महाग वाटली तर जाड सुती दोरा घ्या, आपल्या हवेला तोच बरा. घरोघरी जुने स्वेटर पडलेले असतात, ते उसवून मिळणारी लोकर फुकट. आणि सुया आणताना मुलांना नंबर वाचायला लावा: आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत 8 नंबरची सुई जाड आणि 12 नंबरची बारीक. नंबर वाढतो तशी सुई बारीक का होते, यावर अर्धा तास चर्चा होते.

*"अभ्यासक्रम मागे पडेल."* वर लिहिलेलं सम-विषम, वर्गसंख्या, परीघ, शिराविन्यास हे सगळं अभ्यासक्रमातलंच आहे.

मग करायचं काय?

ब्रियॉशची दोनरंगी शाल तिसरीच्या मुलाने विणावी असं मी म्हणत नाही. ती मोठ्यांनाही महिनेच्या महिने पुरते. मुलांसाठी वर्षभराचा बेत साधा ठेवा. जूनमध्ये बोटांवरची साखळी. जुलै-ऑगस्टमध्ये सुलट टाका, एकच टाका, दुसरं काही नाही. दिवाळीनंतर उलट टाका आणि पट्टी. संक्रांतीनंतर एकच पान, 1 पासून 9 पर्यंत आणि परत. वर्गात चाळीस मुलं असतील तर चाळीस पानं होतील. मार्चमध्ये ती एकत्र शिवा.

आपण प्रत्येक समारंभात पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतो. ती घडी घातलेली शाल प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघते आणि बहुतेक वेळा पिशवीतच परत जाते. शाळेतून निवृत्त होणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना एका वर्षी चाळीस हातांनी विणलेल्या पानांची शाल द्या. त्यातली काही पानं वाकडी असतील, एखाद्यात भोक जास्त असेल. कुणाचं पान कोणतं हे त्यांना बघता क्षणी ओळखू येईल.

पालकांना एकच विनंती. मूल विणत बसलं की "अभ्यास कर" म्हणू नका, आणि त्याचं काम हातात घेऊन नीट करून देऊ नका. शेजारी बसा, टाके मोजायला मदत करा. आणि शिक्षकांना विनंती, येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना कार्यानुभवाचा तास शेवटी ढकलू नका. आठवड्यातले ते दोन तास कुणालाही, अगदी गणिताच्या गुरुजींनाही, उसने देऊ नका.